खांब हा घटक धरा

बेळगावात राहून स्कुबा डायव्हिंग करतो म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘कुठं, राकसकोपच्या धरणात?’ नाही. पहाटे निघून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि उन्हं चढायच्या आत पाण्यात शिरायचं. आम्ही सहाजण गेली अकरा वर्षं हे करतोय. पोहायला शिकलो ते येळ्ळूरच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. पाण्याखाली श्वास घ्यायला शिकलो मोठेपणी, पदरचे पैसे मोडून. लोक नेत्राणीला जातात, ग्रँड आयलंडला जातात, तिथं पाणीही बरं असतं. आमचा जीव जडला तो एका खाडीच्या तोंडाशी बंद पडलेल्या जेटीवर. (जागेचं नाव लिहीत नाही, नाव पसरलं की जागेचं काय होतं ते घाटातल्या धबधब्यांकडे बघितलं की कळतं.) वरच्या फळ्या कधीच गेलेल्या, खांब तेवढे उभे. टोकाला भरतीच्या वेळी जेमतेम सात मीटर पाणी, आणि दिसायचं तीन मीटर, फार तर चार. गेल्या हंगामात त्यातले निम्मेशिम्मे खांब उपटले. उरलेले पावसाळ्यानंतर उपटायचे आहेत.

त्यावरून आमच्यात जे जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. ऐकून ऐकून माझं मत झालंय की दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडतायत. एक बाजू म्हणते, कुजकं लाकूड आणि गंजकं लोखंड समुद्राबाहेर काढणं ही साफसफाई आहे, त्यात रडायचं काय? दुसरी म्हणते, आमची साइट चालली, वाचवा. पहिली बाजू कधी पाण्यात उतरलेली नसते. दुसरी पाण्यातून वर येऊन विचार करायला तयार नसते. आणि दोघांच्याही तोंडी एकच शब्द: ‘जेटी’. जेटी राहावी की जावी?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खांब काढायला माझा विरोध नाही. जेटी काढायला आहे. हा शब्दांचा खेळ वाटेल, खरं तो तसा नाही. जेटी ही कागदावरची वस्तू आहे: एक बांधकाम, एक निविदा, एक ठेकेदार, एक मुदत. पाण्याखाली जेटी नावाचं काही नसतंच. तिथं एकेक खांब असतो, आणि कुठलेही दोन खांब सारखे नसतात. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा ही चार सूत्रं आमच्याकडे पोरांना पाढ्यांबरोबर पाठ होतात. आंध्र आणि मद्रास यांची हद्द ठरवताना मध्यस्थ म्हणून नेमलेल्या पाटसकरांनी हाच मार्ग धरला होता: जिल्हा, तालुका असे मोठे तुकडे उचलू नका, खेडं बघा. मोठा तुकडा एका फटकाऱ्यात इकडचा तिकडे केला की आत राहणाऱ्यांचं काय होतं, हे खानापूर-निपाणीच्या म्हाताऱ्यांना विचारा. आमचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. मला त्यातला फक्त घटक उसना हवा आहे. समुद्रात खांब हा घटक धरा.

खांबावर काय असतं हे किनाऱ्यावरून दिसत नाही. ओहोटीला जो काळा, खरखरीत भाग उघडा पडतो तेवढाच लोक बघतात आणि नाक मुरडतात. त्या भागात वरच्या बाजूला बारीक गोगलगायी, त्याखाली बार्नॅकलचा पांढरट खडबडीत पट्टा, मग कालवं, एकावर एक चढलेली, आणि त्यांच्या फटीत शिनाण्यांचे, म्हणजे लांबट शिंपल्यांचे, घोस. पाण्याची पातळी सोडून खाली गेलं की कवच संपतं आणि मऊ वस्ती सुरू होते: नारिंगी, पिवळे स्पंज, हायड्रॉइडची पिसं, सी-स्क्वर्टच्या पिशव्या, टॉर्च मारला की लाल दिसणारं आणि टॉर्चशिवाय तपकिरी वाटणारं सगळं. तळाशी पुन्हा निराळं. वरून पडलेल्या मेलेल्या शिंपल्यांचा बहुतेक खांबांच्या पायाशी ढीग साचतो, चिखलाच्या सपाट मैदानात तेवढीच एक टेकडी. त्या ढिगात कुर्ल्या, त्यात ऑक्टोपसचं बीळ, आणि गोबरा माशाची पोरं, करंगळीएवढी. आमचा सतरा नंबरचा खांब लोखंडी आहे आणि त्याच्या बुडाशी एक लायनफिश सलग तीन हंगाम होता. तोच होता का? मी तरी त्याला तोच समजायचो. शेजारचा अठरा नंबर, दोन हातांवर, लाकडी. त्याच्यावर कालवं होती, पण पायाशी ढीग नव्हता, पिल्लंही क्वचित. असं का, हा प्रश्न मला अकरा वर्षांत एकदाही पडला नाही. भांडण सुरू झालं तेव्हा पडला.

त्याचं उत्तर विरोधी बाजूच्या हातात आहे, आणि ते मी मान्य करतो. लोंढा जंक्शनवर उन्हाळ्याच्या दुपारी जुन्या लाकडी स्लीपरांचा जो वास यायचा तो आठवा. ते क्रिओसोट, दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल. लाकूड पोखरणारे सागरी किडे लागू नयेत म्हणून जगभर धक्क्यांचे खांब त्यात मुरवून काढत. ते तेल लाकडात दशकानुदशकं राहतं आणि थोडंथोडं झिरपत राहतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात, सुमारे ४० वर्षं पाण्यात उभ्या असलेल्या अशा खांबाच्या लाकडाला चिकटलेली हेरिंग माशांची अंडी संशोधकांनी तपासली; ती वाढलीच नाहीत. हेरिंग म्हणजे आपल्या तारल्यांच्या कुळातला मासा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने प्युजेट साउंडमधले असे हजारो खांब उपटून काढले, तेव्हा तिथल्या डायव्हरांनीही लाडक्या जागा गमावल्या. कालवं वाढलीत म्हणजे खांब निरोगी, असं आम्ही धरून चाललो होतो. मोठं कवच घेऊन बसलेला जीव तग धरतो म्हणून त्याच फळीवरचं अंडं तग धरेल असं नसतं. आमच्या जेटीचे लाकडी खांब काढले ते, म्हणून, योग्यच केलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते योग्यच होतं.

धोक्याचा मुद्दाही खरा आहे. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल एका ट्रकसकट खाली गेला. चालक वाचला हे नशीब. तो पूल काही इंग्रजांच्या काळातला नव्हता, चाळीसेक वर्षांचा होता. पाण्यात उभं असलेलं बांधकाम वरून ठणठणीत दिसतं आणि आतून संपलेलं असतं. अंधारात होडी घेऊन जाणाऱ्याला भरतीत हातभर बुडालेला खांब दिसत नाही. ‘आम्हाला मासे बघायला मिळतात’ हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि तिसरा मुद्दा, जो आम्हा सहाजणांना सगळ्यात झोंबतो: डायव्हर कोण? पोटापाण्याचं भागलेली, शनिवारी गाडी काढू शकणारी शहरी मंडळी. आमच्या आठवणींसाठी सरकारने काम थांबवावं असं मलाही वाटत नाही. लाडकेपणा हा युक्तिवाद नव्हे.

एवढं सगळं मान्य केल्यावर उरतं काय? उरतो सतरा नंबरचा खांब. त्यात क्रिओसोट नाही. तो होड्यांच्या वाटेवर नाही, किनाऱ्याच्या खडकाला लागून आहे. त्याच्या अंगावर कोणी चालत नाही, म्हणून तो कोसळून कोणी मरणार नाही. लाकडाचा गुन्हा, पुलाचा गुन्हा आणि वाटेतल्या खांबाचा गुन्हा, तिन्ही त्याच्या माथी कसे मारता? ‘एकदा मशीन आणलंच आहे तर सगळेच काढू’ हे ठेकेदाराचं गणित म्हणून मला समजतं. पर्यावरणाचं कारण म्हणून कोणी ते माझ्यापुढे ठेवलं तर मात्र मी वाद घालणार.

इथे अभ्यासू लोक एक चांगला प्रश्न विचारतात, आणि तो टाळता येणार नाही. कृत्रिम बांधकाम मासे वाढवतं की आजूबाजूचे मासे नुसते गोळा करतं? गोळा करत असेल तर ते मासेमाराचं काम सोपं करणारं आमिष झालं, वस्ती नव्हे. माशांपुरता हा प्रश्न खुला आहे असं म्हणायला मी तयार आहे. दोन्ही होत असणार, जागा बघून कमी-जास्त. पण कालवाला पाय नसतात. स्पंज दुसरीकडून चालत येत नाही. पाण्यात तरंगणारी त्यांची पिल्लं टणक पृष्ठभाग मिळाला तरच बसतात, नाही मिळाला तर मरतात, आणि खाडीच्या तोंडाशी मैलभर चिखल असताना टणक पृष्ठभाग म्हणजे तो खांब. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या तेल-प्लॅटफॉर्मच्या पायांबद्दल प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथली मत्स्य-उत्पादकता जगातल्या मोजलेल्या सागरी अधिवासांत अगदी वरच्या रांगेत निघाली. तो खोल समुद्र, आपली खाडी उथळ, तुलना ओढूनताणून करू नये. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे: खांब असले की तिथं जाळं ओढता येत नाही, फाटतं. नुसत्या अडथळ्याने जे संरक्षण मिळतं ते आपल्याकडे कितीदा नियमाने मिळतं?

परदेशी जीवांचा मुद्दाही असाच. बंदरातल्या बांधकामांवर बाहेरून आलेले शिंपले ठाण मांडतात हे खरं आहे. मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला विशाखापट्टणमच्या बंदरात १९६७ मध्येच सापडला होता. मग बघा ना, कुठल्या खांबावर कोण आहे! ज्या खांबावर ते आहेत तो आधी काढा. मी पुन्हा तिथेच येतो, कारण माझ्या विरोधकांचा प्रत्येक चांगला मुद्दा मला तिथेच आणून सोडतो. लाकूड आहे का, वाटेत आहे का, त्याच्यावर काय बसलंय, हे तिन्ही प्रश्न जेटीला विचारताच येत नाहीत. ते खांबालाच विचारावे लागतात.

बरं, काढणं म्हणजे दात उपटण्याइतकं सोपं असतं असंही नाही. एक तर कंप देणाऱ्या हातोड्याने खांब सैल करून अख्खा ओढायचा, नाही तर तळाच्या चिखलाखाली थोडं खोदून कापायचा. अख्खा ओढला तर चिखलात मुरलेलं डांबर ढवळून वर येतं. कापला तर बुंधा आत राहतो. कुजका खांब ओढताना मधेच मोडतो आणि मग क्रेनचा पंजा तळ खरवडतो. म्हणून जिथं हे काम नीट करतात तिथं भोवती तरंगता बांध घालतात, भरती-ओहोटी बघतात, माशांच्या विणीचा काळ टाळतात. गेल्या हंगामात आम्ही गेलो तेव्हा पाणी कॉफीसारखं होतं आणि वर इंद्रधनुष्यी तवंग फिरत होता. भोवती बांध मला तरी दिसला नाही. साफसफाईची बाजू घेणाऱ्यांनीच त्या दिवशी आरडाओरडा करायला हवा होता, कारण विष बाहेर काढायला म्हणून आलेल्यांनी ते खाडीभर वाटलं. त्यांनी तो केला नाही. जेटी कमी होत होती ना, मग झालं.

वाद चुकीच्या घटकावर झाला की काय होतं याचं मोठं उदाहरण १९९५ चं आहे. उत्तर समुद्रातली ब्रेंट स्पार नावाची तेलसाठ्याची अवाढव्य टाकी शेल कंपनी अटलांटिकमध्ये बुडवणार होती. ग्रीनपीसचे कार्यकर्ते तिच्यावर चढून बसले, युरोपात पेट्रोलपंपांवर बहिष्कार पडला, शेलने माघार घेतली. नंतर कळलं की टाकीत उरलेल्या तेलाचा ग्रीनपीसने सांगितलेला आकडा फार फुगलेला होता. त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे त्यांचा विरोध चुकीचा होता का? तसंही नाही, समुद्र ही कचराकुंडी नाही हे त्यांचं तत्त्व बरोबरच होतं. पण टाकीत नेमकं काय आहे ते कोणी शांतपणे मोजेपर्यंत सगळे तत्त्वावर भांडत होते. पुढे त्या टाकीचं काय झालं माहीत आहे? तिचे गोल कड्यांसारखे तुकडे कापून नॉर्वेत एका धक्क्याच्या पायात घातले.

उलट बाजूची फजितीही सांगायला हवी, नाही तर आमचेच लोक म्हणतील की पाण्यात काहीही टाका, त्याचं प्रवाळ होतं. फ्लॉरिडाच्या फोर्ट लॉडरडेलसमोर १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख जुने टायर कृत्रिम खडक म्हणून समुद्रात सोडले. त्यांच्यावर फारसं काही वाढलं नाही. बांधलेल्या दोऱ्या आणि पट्ट्या सुटल्या, वादळात टायर सुटे झाले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आपटू लागले. ते उपसायला पुढे लष्कराचे पाणबुडे लावावे लागले. टायर हलका असतो, घरंगळतो. गाडलेला खांब जागचा हलत नाही. सांगायचा मुद्दा, प्रत्येक वस्तू निराळी.

आणि आपल्याकडची गंमत बघा. नौदलातून निवृत्त झालेलं आयएनएस गुलदार हे जहाज सिंधुदुर्गात निवतीजवळ मुद्दाम बुडवून पाण्याखालचं पर्यटन उभं करायचा प्रकल्प महाराष्ट्राने हाती घेतला. कोट्यवधी रुपये खर्चून, तेल-रंग सगळं साफ करून लोखंड समुद्रात सोडायचं, मग त्याच्यावर जीव बसायची वाट बघायची. माझा त्याला विरोध नाही, मी तिकीट काढून जाईन. पण त्याच किनारपट्टीवर जे लोखंड अर्धशतकाहून जास्त काळ पाण्यात उभं आहे, ज्याच्यावर समुद्राने फुकटात सगळं बसवून दिलंय, ते उपटायलाही आपण पैसे मोजतो. राज्य वेगळं, खातं वेगळं, हे मला कळतं. लाटेला ते कुठं कळतंय?

‘त्याच्या बदल्यात दुसरं काही करून देऊ’ असं आता उत्तर येतं. बेळगाव-खानापूर रस्त्याने जा. तो रुंद करताना शेकडो जुनी झाडं गेली, आणि बदल्यात रोपं लावायचं ठरलं. रोप हे झाडाच्या बदल्यात असतं, पण कधी? सावली पडेल तेव्हा. मधली चाळीस वर्षं कोणाच्या खात्यावर टाकायची? बदली द्यायचीच तर आधी द्या: नवे, विषारी नसलेले दोन-चार खांब किंवा दगडांचे ढीग जवळपास टाका, दोन-तीन हंगाम त्यांच्यावर वस्ती बसू द्या, मग जुने काढा. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॅपिड बे इथं २००९ मध्ये नवी जेटी शेजारी बांधली आणि जुनी, माणसांना बंद करून, तशीच उभी ठेवली. तिच्याखाली आजही लोक समुद्रघोड्याच्या भाऊबंदांना, सी-ड्रॅगनना, बघायला उतरतात. ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरिया राज्यातल्या फ्लिंडर्स धक्क्याचा लाकडी भाग पाडायचा बेत लोकांच्या रेट्यामुळे मागे घ्यावा लागला, तोही त्याखालच्या सी-ड्रॅगनसाठी. तिथल्या डायव्हरांनी धक्क्याखाली कोण राहतं ते लोकांना दाखवून दिलं. आमच्याकडे अकरा वर्षांची लॉगबुकं आहेत: तारीख, पाण्याचं तापमान, किती दिसत होतं, कुठल्या खांबावर काय. ती आम्ही कोणाला दाखवलीच नाहीत. आम्हीही ‘साइट, साइट’ करत बसलो. हा दोष आमचा आहे आणि तो दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

फेब्रुवारीत म्हणून आम्ही टाक्या न घेता गेलो. ओहोटीच्या वेळी त्या खांबांवर दोन बायका कालवं फोडायला येतात, गेली कित्येक वर्षं. आम्ही पाण्याखाली असायचो तेव्हा त्या डोक्यावर असायच्या आणि आमची ओळख ‘नमस्कार’च्या पुढे कधी गेली नव्हती. त्यातल्या मोठ्या मावशींना मी आमची वही दाखवली. उरलेले लोखंडी खांब बावीस आहेत, आणि कुठले ठेवा, कुठले काढा हे लिहून द्यायचंय, असं सांगितलं. त्यांनी वही हातात घेतली नाही. म्हणाल्या, बावीस नाहीत, चोवीस आहेत; दोन पाण्याच्या आत मोडलेले आहेत, तुमच्या लोकांना वरून दिसत नाहीत. मी म्हटलं, मावशी, आम्ही खालून मोजतो. त्या म्हणाल्या, मग नीट मोजा. आमचा सतरा नंबर त्यांचा आठवा निघाला, कारण त्या खाडीकडून मोजतात, आणि त्यांच्या मते तो काढला तरी चालेल, त्याच्यावर कालवं बारीक राहतात. ठेवायचा तर पलीकडचा, वाकडा.

वाकड्याच्या नावापुढे आमच्या वहीत अकरा वर्षांत एकही नोंद नाही. पुढच्या अमावस्येच्या मोठ्या ओहोटीला पुन्हा जायचं ठरलंय, त्यांच्या बाजूने मोजायला.